उजव्या बाजूची जागा

रोमन साम्राज्य कोसळलं, ही बातमी आमच्या घरमालक काकांपर्यंत पोचलीच नव्हती. बाकीच्या जगात त्याला दीड हजार वर्षं होऊन गेली असतील. मेलबर्नच्या क्रेगीबर्नमधल्या आमच्या गल्लीच्या टोकाला ते डबल गॅरेजमध्ये ठणठणीत उभं होतं, आणि त्याच्यापायी काकांची गाडी बारा महिने बाहेर भिजत होती.

मी खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी मला नोकरी विचारली नाही, व्हिसा विचारला नाही, आधीच्या घरमालकाचा नंबर मागितला नाही. शिंप्याची टेप काढली आणि दारातच माझे खांदे मोजले.

"खांदे बरे आहेत," ते म्हणाले. "उंचीकडे देवाने दुर्लक्ष केलंय, पण खांदे बरे आहेत. कधी येतोस राहायला?"

"काका, खोली कुठली ते तरी दाखवा."

"खोली खोलीसारखी आहे. चल, आधी मंडळींना भेट."

मंडळी गॅरेजमध्ये होती. लाकडी स्टँडांवर आठ चिलखतं एका रांगेत. कोळंबीच्या पाठीवर असतात तशा लोखंडी पट्ट्या एकावर एक, आतून चामड्याच्या वाद्यांनी बांधलेल्या. वर शिरस्त्राण, बाजूला माझ्या छातीपर्यंत येणारी ढाल, आणि खाली तळव्याला खिळे ठोकलेल्या चपला, कोल्हापुरीला नाल मारावेत तशा. आठही जणांची तोंडं दाराकडे होती. म्हणजे तोंडं असती तर दाराकडे असती.

काका मूळचे पुण्याचे, रेल्वे सिग्नलचे इंजिनियर, चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेले. काकू कधीच्या गेलेल्या. महिन्यातून दोन रविवार काका आणि त्यांचे सात सोबती रोमन शिपाई व्हायचे आणि एका ओव्हलवर, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर, जाऊन शिस्तीत एकमेकांना ढकलायचे. काका त्यांचे नायक आणि भांडारपाल, म्हणून सगळी आयुधं त्यांच्याकडे. एकदा ते सरावावरून थेट मंडळाच्या गणपतीला आले होते, चिलखतासकट. आरतीला टाळ कमी पडले, तर ह्यांनी खांद्याच्या पट्ट्यांवर ठेका धरला. दोन लहान मुलं रडली, बाप्पाच्या हातातला मोदक हलला असंही सांगतात. प्रसाद वाटणाऱ्या एका आजींनी विचारलं, "कुठल्या नाटकात आहात?"

सगळा मराठी मेलबर्न त्यांना एकच प्रश्न विचारायचा: मावळा का नाही? रोमनच का?

"मावळ्याला डोंगर लागतो," काका सांगायचे. "क्रेगीबर्नात सगळ्यात उंच काय आहे? स्पीड ब्रेकर."

हे लोकांना सांगायचं उत्तर. मला त्यांनी दुसरं सांगितलं, एका दुपारी पट्ट्यांना तेल लावता लावता. ते इथे आले तेव्हा पहिलं वर्षभर ऑफिसबाहेर त्यांच्याशी कुणी बोललं नव्हतं. एका जत्रेत हे रोमन लोक ढाली लावून उभे होते, आणि रांगेत एक माणूस कमी होता. टोकाला एक सहा फूट तीन इंचांचा ट्राम ड्रायव्हर होता. त्याने गर्दीतल्या ह्या काटकुळ्या माणसाकडे बघून हाक मारली, "मेट, माझ्या डावीकडे भोक पडलंय. जरा उभा राहतोस का?"

"त्या दिवसापासून तो माझ्या उजवीकडे आहे," काका म्हणाले. "ढाल डाव्या हातात असते. म्हणजे तुझी उजवी बाजू तू झाकत नाहीस, तुझ्या उजवीकडचा माणूस झाकतो. तो हलला की तू उघडा. लग्नात पण एवढं नसतं रे."

काका त्याला नावाने हाक मारत नसत. 'माझा उजवा' म्हणायचे. मीही इथे उजवाच म्हणतो.

मी राहायला आलो आणि दोन महिन्यांत करोना आला. पहिला लॉकडाऊन कसाबसा गेला, मग हिवाळ्यात दुसरा लागला, खरा. पाच किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही, घरी कुणाला बोलवायचं नाही, तासभर व्यायामाला बाहेर पडायचं ते मास्क लावून. गल्ली इतकी शांत झाली की समोरच्या घरातला टोस्टर उडालेला आम्हाला ऐकू यायचा. त्याच सुमाराला उजवा डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला एका रिहॅबमध्ये पडला होता. तिथे करोना शिरला. उजव्याला लागला. भेटायला जाणं अशक्य. दिवसातून एकदा एक नर्स त्याच्या तोंडासमोर टॅब्लेट धरायची, तेवढंच.

त्या दिवशी काका जेवले नाहीत. तीन वाजता माझ्या दारावर टकटक केली. माझी शिफ्ट पहाटेची, घरूनच, त्यामुळे तीनला मी मोकळा असायचो हे त्यांना ठाऊक होतं.

"आमच्यात एक रीत आहे," ते म्हणाले. "माणूस आजारी पडला तर त्याची जागा रिकामी ठेवायची नाही. त्याचं चिलखत दुसऱ्याने घालायचं, त्याच्या जागी उभं राहायचं, मोजणीला त्याच्या नावाने हजर म्हणायचं. तो परत येईपर्यंत. बाकीचे सहा जण आपापल्या घरी कोंडलेत, ते धडधाकट आहेत, त्यांच्या जागा कुठे जात नाहीत. ही एकच जागा."

"काका, पण मी—"

"नाही म्हण. जबरदस्ती नाही. पण एक नीट ऐक. एकदा उभा राहिलास की मी तुला जा म्हणून सांगू शकत नाही. ती पण रीत आहे. बाहेर पडायचं ते उभ्या राहिलेल्याने, आपल्या तोंडाने."

घरमालकाला नाही कोण म्हणतो? मी हो म्हणालो.

गॅरेज हिवाळ्यात बर्फाच्या कारखान्यासारखं असायचं. काकांनी ते अकरा-बारा किलोचं लोखंड माझ्या अंगावर चढवलं, पुढच्या वाद्या आवळल्या, आणि मी दचकलो. पत्रा आतून गरम होता. उन्हात ठेवलेल्या गाडीसारखा नव्हे. कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीसारखा.

"काका, हे गरम का आहे?"

त्यांनी हातमोजा काढला, पट्ट्यांवर तळवा ठेवला, आणि आजारी पोराच्या कपाळाला हात लावावा तसे थांबले.

"हं. ताप आहे आज त्याला."

चार वाजता टॅब्लेटवर नर्सने सांगितलं, ताप एकशे तीनच्या खाली येत नाहीये.

मग रोज तीनला मी आणि काका मागच्या अंगणात उभे. मी कुंपणाच्या टोकाला, पहिला. माझ्या डावीकडे काका, दुसरे. समोर कपडे वाळत घालायचा दांडा, तो शत्रू. काका मोजणी मराठीत घ्यायचे. आकडे आणि शिव्या माणसाला आईच्याच भाषेत येतात, असं त्यांचं मत होतं.

"एक?"

"हजर."

"दोन?" हे ते स्वतःलाच विचारायचे, आणि स्वतःच ओरडायचे, "हजर!"

मग तीनपासून आठपर्यंतचे आकडे ते नुसतेच मनात म्हणायचे आणि प्रत्येक आकड्यागणिक मान हलवायचे.

पहिला आठवडा मी सहा फूट तीनच्या चिलखतात टोपल्याखालच्या कोंबडीसारखा फिरलो. दुसऱ्या आठवड्यात माझा डावा गुडघा दुखायला लागला. मला गुडघ्याचा त्रास कधी नव्हता. कॉलेजात मी सिंहगड उलट्या पावलांनी चढलोय, असं मी तरी सांगतो. संध्याकाळी टॅब्लेटवर उजवा म्हणाला, "गंमत बघ मेट. गुडघा एकदम गप्प झालाय." काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते टेबलाखाली माझ्या पायाकडे बघत होते.

त्या हिवाळ्यात अख्खं मेलबर्न फुगत होतं. घरोघरी पाव भाजले जात होते, लोकांना पँटी होत नव्हत्या. मी एकटा आटत होतो. खात नव्हतो असं नाही. सात पोळ्या खायचो, वर पातेलंभर वरणभात, तूप, लिंबू. आकडा मी थोडा वाढवला असेल, पाच धरा. पण पोट भरायचं नाही. घास उतरायचा आणि कुठेतरी भलतीकडेच निघून जायचा. आरशात गळ्याची हाडं दिसायला लागली. आईने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "तिथे रेशनिंग आहे का रे?"

उजवा मात्र सुधारत होता. तीन आठवडे ज्याने चमचाभर सूप नाकारलं, तो उशीला टेकून बसायला लागला. एकदा म्हणाला, "तोंडात एक विचित्र चव येते रे हल्ली. काही न खाता. पिवळी चव. मऊ भातासारखी, वर लिंबू पिळल्यासारखी. आणि एक वास आहे, अगदी घाणेरडा, पण सोडवत नाही."

हिंग. मी खुर्चीतून उठून बाहेर जाऊन उभा राहिलो.

काका मागोमाग आले. "काय झालं?"

"काका, तो माझं जेवण जेवतोय."

पुण्याच्या माणसाने ह्यावर हसायला हवं होतं, निदान टोमणा तरी. काका कुंपणाकडे बघत राहिले. "खोटं बोलून मी तुझी समजूत काढणार नाही," ते म्हणाले. "पण तो बरा होतोय. मी चाळीस वर्षांत देवाकडे काही मागितलं नाही. आता मागितलंय." मग जरा वेळाने, "तुला काही बोलायचं असेल तर बोल. तूच बोलायला हवंस."

मी बोललो नाही. भीती होती, पण लाजही होती. एका बाजूला एक माणूस जगत होता. दुसऱ्या बाजूला माझी पँट सैल होत होती, एवढंच. अजून तरी एवढंच.

ते 'एवढंच' ऑक्टोबरात संपलं. शेजारच्या पंजाबी भाभींनी मला कचऱ्याचं बिन बाहेर काढताना गाठलं, दीड मीटर अंतर राखून, मास्कच्या आतून.

"भैया, बुरा मत मानना. विज़िटर अलाउड नहीं है. किसी ने रिपोर्ट कर दिया तो अंकल को फाइन लगेगा."

"कौन विज़िटर, भाभी?"

"वो जो रोज़ तीन बजे अंकल के साथ खड़ा होता है. लंबा वाला गोरा."

"वो मैं हूँ, भाभी. हेल्मेट में."

भाभींनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. बघायला फार वेळ लागत नाही. "आप?" त्या म्हणाल्या. "नहीं भैया. उसका तो सिर फेन्स के ऊपर आता है. कल मुझे देखके हाथ भी हिलाया."

घरात येऊन मी मोजमाप केलं. कुंपण सहा फूट. मी पाच फूट पाच, शिरस्त्राणाचा तुरा धरून कसाबसा पाच अकरा. आणि आदल्या दिवशी मी कुणालाही हात हलवला नव्हता. माझ्या एका हातात ढाल होती आणि दुसऱ्यात तलवार.

त्या दिवशी तीन वाजता मी चिलखत घातलं तेव्हा ते मला बसलं. नीट. खांद्यावर, छातीवर, कुठे बोटभरसुद्धा ढिलं नाही. अकरा किलोंनी वाळलेल्या माणसाला सहा फूट तीनचं चिलखत बसलं. काका वाद्या आवळता आवळता मध्येच थांबले. पण बोलले नाहीत. रीत होती.

मी रात्रभर वाट शोधली. सरळ 'मला नको' म्हणायची हिंमत नव्हती. कारण समोरून 'मग त्याचं काय?' असा प्रश्न आला असता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. सकाळी फोन उघडला तर कुटुंबाच्या ग्रुपवर आत्याचा फोटो: कोयते, विळी, कात्री, शिवणयंत्र, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूच्या माळा. खंडेनवमी! आणि त्या क्षणी माझ्या लबाड डोक्यात दिवा लागला. खंडेनवमीला हत्यारं पुजायची असतात. पुजलेली हत्यारं उचलायची नसतात.

मी दुपारी बारापर्यंत आठही चिलखतं मांडली. झेंडू नव्हता, म्हणून समोरच्या नेचर स्ट्रिपवरची, फुटपाथकडेच्या गवतातली, पिवळी रानफुलं खुडून आणली. आठ छातीपट्ट्यांवर हळदकुंकवाची बोटं, ढालींवर अक्षता, आठ तलवारी पाटावर. उदबत्ती लावली. गुळाचा नैवेद्य ठेवला. तीनच्या ठोक्याला काका गॅरेजच्या दारात आले आणि थबकले.

"हे काय?"

"खंडेनवमी, काका. आज आयुधं उचलायची नसतात."

"आज."

"आज. आणि... उद्या दसरा. आणि परवापासून मला वाटतं माझी पाठ... डॉक्टरला विचारायला हवं. म्हणजे मी ह्यापुढे उभा राहीन असं वाटत नाही, काका."

बोललो एकदाचं. देवाला पुढे करून, पण बोललो.

काकांनी स्लिपर काढल्या. आत आले. रांगेसमोरून एकेकापुढे हात जोडत गेले, आठवा, सातवा, करत करत पहिल्यापाशी. उजव्याच्या चिलखतासमोर फार वेळ उभे राहिले.

"घरी आई करायची पूजा," ते म्हणाले. "वडिलांच्या पक्कड-पान्यांची. चाळीस वर्षं माझ्या डोक्यातून गेलंच होतं." मग माझ्याकडे वळून, अगदी पुणेरी आवाजात, "हळद जरा जास्त झालीय. लोखंड आहे, पिठलं नाही."

एवढंच. ना राग, ना प्रश्न. मला वाटलं मी जिंकलो. त्या रात्री मी दोनच पोळ्या खाल्ल्या आणि पोट तट्ट भरलं.

दसऱ्यानंतरच्या दुपारी तीन वाजता मी खोलीत बसून होतो. अंगणातून आवाज आला.

"एक?"

"हजर."

"दोन?"

"हजर."

दोन्ही उत्तरं काकांचीच. पण पहिलं जरा जड होतं, खालच्या पट्टीतलं. मी पडदा सरकवला नाही. एवढा शूर मी कुणाला वाटत असेन तर ती माझ्या बोलण्याची करामत आहे.

पुढचं सगळं भराभर झालं. माझा गुडघा गप्प झाला, मी भरायला लागलो. लॉकडाऊन उठला. उजवा रिहॅबमधून चालत बाहेर आला. तिथल्या डॉक्टरांनी म्हणे त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. आणि काका वाळले. गालफडं आत गेली, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. मी वरण केलं, शिरा केला, रोज समोर ताट ठेवलं. ते सगळं संपवायचे, बोटं चाटायचे, आणि म्हणायचे, "छान झालंय रे. पोचलं."

"कुठे पोचलं, काका?"

"ताट उचल."

पाहुण्यांना परवानगी मिळाली त्या पहिल्या रविवारी उजवा आला. गुलाबी, रुंद, बैलासारखा. काकांनी स्वतःच्या हाताने त्याच्या वाद्या बांधल्या, मग आपलं चिलखत चढवलं. त्यात ते घंटेतल्या लोलकासारखे वाजत होते. दोघं अंगणात शेजारी उभे राहिले, ढालीला ढाल लावून. उजव्याने आपली ढाल काकांच्या बाजूला इतकी सरकवली की तो स्वतः अर्धा उघडा पडला. काका मोजणी घेताना हसत होते. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी काका गेले. झोपेत, शांतपणे. डॉक्टर म्हणाले, पोटात गाठ होती, बरीच जुनी. स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये रिपोर्ट सापडले, मी राहायला येण्याआधीचे. म्हणजे सगळं कसं सरळ आहे. आजारी माणूस वाळला, तरुण माणूस काळजीने वाळला, दणकट माणूस बरा झाला. मला कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

अंत्यसंस्कारानंतर दोन दिवसांनी उजवा आपलं चिलखत न्यायला ट्रेलर घेऊन आला. आम्ही दोघांनी ते स्टँडवरून उतरवलं. मला राहवलं नाही.

"एक सांगायचंय," मी म्हणालो. "त्या दिवशीची ती पूजा. ती धर्मासाठी नव्हती. मी घाबरलो होतो. पळ काढला. मी पळालो म्हणून काका उभे राहिले."

उजव्याने ट्रेलरवर दोरी आवळली. "त्याला माहीत होतं. त्याच दुपारी त्याने मला फोन केला. म्हणाला, पोरगा एकदाचा निसटला. इतका खूश मी त्याला कधी ऐकला नव्हता. म्हणे, कितीतरी दिवस वाट बघत होता, तू कधी तोंड उघडतोस त्याची. तुला बसलेलं चिलखत बघून त्याला झोप नव्हती."

मी काहीतरी आभाराचं बोलणार होतो.

"मी त्याला म्हटलं, पोराला परत घाल आत," उजवा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"मी बरा होत होतो, मेट. पुन्हा चव यायला लागली होती तोंडाला. मी रडलो फोनवर. म्हटलं, फक्त एक महिना अजून, पोरगा तरुण आहे, त्याला काय होतंय. तो नाही म्हणाला. पहिल्यांदाच मला नाही म्हणाला. म्हणाला, त्याला सोड, मी येतो." त्याने गाठ ओढून बघितली. पक्की होती. "चांगला माणूस होता."

"हो," मी म्हणालो.

उन्हात त्याचे गाल चकाकत होते. तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, माझ्या खांद्यांकडे, मापं घेतल्यासारखा. मग दिलखुलास हसला आणि आपला भलामोठा हात माझ्यापुढे केला.

त्या दिवसांत कुणी कुणाशी हात मिळवायचा नाही, असा सक्त नियम होता. मी दोन पावलं मागे सरलो, लांबूनच कोपर दाखवलं, आणि त्याचा ट्रेलर वळणाआड जाईपर्यंत ते तसंच वर धरून उभा राहिलो.